बर्फाच्या फॅक्टरीतला टोन

१

आचऱ्याच्या खाडीकाठची परशुराम मामाची बर्फाची फॅक्टरी बंद पडली तेव्हा गावात कोणी फारसं हळहळलं नाही. बंदराजवळ नवी फॅक्टरी उभी राहिली होती. तिथे लाद्या मोठ्या मिळत आणि वेळेवर मिळत. मामाने यंत्रं विकून टाकली, मिठाच्या पाण्याची टाकी रिकामी केली आणि भाचीच्या हातात किल्ली ठेवून तो धामापूरला आपल्या काजूच्या बागेत राहायला गेला.

"वाजय थंय काय वाजवचा आसा तां," जाताना तो म्हणाला. "एक आवाज भायर येवचो नाय. बर्फ वितळायचो नाय त्या खोलयेत, आवाज खंय जातलो?"

भाची म्हणजे अक्षया कुबल. सकाळी ती आई विमलाबरोबर तिठ्यावर मासळी घेऊन बसायची, गिऱ्हाइकांना सुरमईच्या तुकड्या कापून द्यायची, आणि लग्नसराईत मंगेशदादाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. घरात वाजवायची सोय नव्हती. भिंतीला भिंत लागून शेजार होता आणि शेजारी तान्हं मूल होतं. त्यामुळे दुपारची जेवणं झाली, आई पदर तोंडावर घेऊन आडवी झाली, की अक्षया गिटार पाठीला लावून स्कूटरवरून फॅक्टरीत यायची.

बर्फ साठवायची खोली सगळ्यात आत होती. वीतभर जाड दार, भिंतींत थर्माकोल, वर पत्रा, खिडकी नाहीच. आत टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात राहायची. बाहेर समुद्र गाजत असला तरी दार लोटलं की तो जणू कुणी उचलून नेलेला. अक्षयाला हेच हवं होतं. मासळीचा एक उपडा क्रेट तिची खुर्ची होता. समोर म्हापशाच्या एका वादकाकडून घेतलेला जुना व्हॉल्व्हवाला अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, होता. पायाशी घरातला एक पाट होता, ज्यावर जेवायला कोणी बसत नसे, आणि त्याच्यावर तिने गिटारचा आवाज बदलणारी आपली पेडल्स स्क्रूने घट्ट बसवली होती. दाराला वीट लावायची, दिवा लावायचा, अँप तापेपर्यंत तारा जुळवायच्या. रोज हेच.

वैशाखातल्या एका दुपारी तिने एक लांबलचक सूर वाजवला, आणि तो मनासारखा येईना म्हणून तळहात तारांवर ठेवून थांबवला. खोली गप्प झाली. अँपची बारीक गुणगुण तेवढी उरली.

आणि मग, समोरच्या कोपऱ्यातून, थप्प असा आवाज आला.

तो आवाज ती ओळखत होती. दिवसातून शंभर वेळा तिच्याच हातून तो निघायचा. तारांवर तळहात पडल्याचा आवाज होता तो.

अक्षयाने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे बर्फाच्या लाद्या ओढायचा एक गंजका आकडा पडला होता. पत्रा तापून वाजला असेल, असं म्हणून तिने परत वाजवायला घेतलं.

२

त्या दिवसांत तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं, म्हणून ही गोष्ट तिने सोडूनही दिली.

मंगेशदादा तिची स्तुती एकाच शब्दात करायचा. "रेकॉर्ड गो, अगदी रेकॉर्ड! डोळे मिटल्यार कोणाक कळूचा नाय." कुठल्याही गाण्यातला गिटारचा तुकडा ती जसाच्या तसा उचलायची. त्यासाठी तर तिने ती पेडल्स जमवली होती. एक सूर रडवायचं, एक फाडायचं, एक वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवायचं, म्हणजे डिले. प्रत्येकामागे एकेक मोठा वादक होता, आणि त्यातल्या प्रत्येकासारखं तिला वाजवता येत होतं.

मग नांदगावच्या एका लग्नात कार्यक्रम संपल्यावर नवरीकडचे एक आजोबा स्टेजपाशी आले. माणूस साधा होता, खोचून बोलणारा नव्हता. त्यांनी मनापासून विचारलं, "बाय, ती गिटार टेपार लावलेली काय?"

"नाय आजोबा. मी वाजवत होतंय."

"असा?" आजोबांना पटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "माका वाटला, तू नुसती उभी आसस."

परतीच्या टेम्पोत सगळे झोपले, अक्षयाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मासे कापताना तिने आईला सांगायचा प्रयत्न केला. "आये, दारातून कोणी हाक मारल्यार न बघता कळता ना कोण आसा तां? गिटारीचा तसाच आसता. टोन म्हणतत तेका."

विमलाने सुरी पाण्यात बुडवली. "मगे तुझी हाक कसली?"

"तांच तर माका गावणा नाय."

पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधी किनाऱ्यावर मच्छीमार मंडळाचा उत्सव व्हायचा. यंदा ऑर्केस्ट्रातली गायिका साडी बदलायला जाईल तेवढ्या वेळात अक्षयाने एकटीने काहीतरी वाजवावं, असं मंगेशदादाने ठरवलं. त्याच्या दृष्टीने ती भोक बुजवायची सोय होती. पण त्याच संध्याकाळी पणजीच्या एका ग्रुपची संजना नावाची गायिका यायची होती. त्यांचा गिटारवाला परदेशी गेला होता आणि नव्या माणसाच्या शोधात ती गावोगाव कार्यक्रम ऐकत फिरत होती. अक्षयाने हे कळल्यापासून रोजची अख्खी दुपार फॅक्टरीत घालवायला सुरुवात केली. कधी अँपचा ट्रेबल उतरवून बघ, कधी पेडल्सचा क्रम उलटा करून बघ. आलेला प्रत्येक आवाज चांगला असायचा आणि प्रत्येक आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असायचा.

३

थप्प परत आलं. मग एके दिवशी थप्पच्या आधी सूरही आला.

तिने वाजवलेला तुकडा होता, थोड्या अंतराने, जरा दुरून. डिले चालू राहिलं असेल म्हणून तिने खाली पाहिलं. पेडलचा लाल दिवा विझलेला होता. तिने पाट बाजूला सरकवला आणि गिटारची वायर सरळ अँपमध्ये खोचली. आता मध्ये काहीच नव्हतं. तिने वाजवलं, थांबवलं. कोपऱ्यातून तोच तुकडा आला आणि थप्प.

अक्षया विचार करणारी मुलगी होती. रिकाम्या टाकीत आवाज घुमत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. उठून टाळी वाजवली. टाळी हातातच राहिली. मोठ्याने "ओ" दिली. "ओ" ओठांपाशीच विरली. म्हणजे खोली घुमत नव्हती. मग वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्राच्या स्पीकरपुढे उभं राहून आपले कान बिघडले असतील. हे कारण तिला आवडलं नाही, पण पटलं.

कानांची खात्री करायला तिने लवूला बोलावलं. लवू ऑर्केस्ट्राचा साऊंड सांभाळायचा, आणि कुठल्या माईकची वायर सैल आहे हे त्याला लांबून कळायचं. तो आला, खोली बघून "काय जागा गावली तुका!" म्हणाला, आणि दाराशी मोबाईल घेऊन बसला. अक्षयाने उत्सवासाठी बसवलेलं वाजवलं.

"बरा वाजता," लवू मान वर न करता म्हणाला. "फक्त डिले कमी कर. जास्त झालो तो."

अक्षयाने वळून भिंतीकडे पाहिलं. पेडल्सचा पाट भिंतीला उभा टेकवलेला होता. त्यातून एकही वायर निघत नव्हती.

ती वाकली, पायाशी, जिथे एरवी पाट असायचा तिथे, आणि रिकाम्या जमिनीवर चिमूट धरून एक बटण पिळल्यासारखं केलं. मग परत वाजवलं.

"हां," लवू म्हणाला. "आता कसा साफ येता."

कोपऱ्यातून काहीच आलं नव्हतं. कुणीतरी तिचा हात पाहिला होता.

४

शहाण्या माणसाने तिथे परत पाऊल टाकलं नसतं. अक्षया दुसऱ्या दिवशी गेली. उत्सव तोंडावर आला होता, दुसरी जागा नव्हती, आणि दिवसाढवळ्या घाबरून गिटार सोडायची म्हणजे काय, असं तिने स्वतःला दटावलं. बाहेर ऊन असं होतं की स्कूटरची सीट चटका देत होती. दार उघडून ती आत गेली, क्रेटवर बसली, आणि पहिला सूर लावताना तिने सुस्कारा सोडला, तर तोंडातून वाफ निघाली.

तिने परत फुंकर मारली. पांढरी वाफ दिव्याच्या उजेडात तरंगली आणि विरली. धामापूरच्या तळ्यावर पौषातल्या पहाटे सुद्धा असं कधी झालं नव्हतं. फॅक्टरीत यंत्र नव्हतं, गॅस नव्हता, मिठाचं पाणी कधीच ओतून दिलेलं. जाड भिंतींनी कुठला तरी जुना गारवा धरून ठेवला असेल, असं ती म्हणाली. पण म्हणतानाच तिला कळलं की हे आपण कुणाला तरी ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणतोय.

तिने एकेक पेडल लावलं. रडका आवाज काढला. कोपऱ्यातून रडका आवाज आला. फाडणारा काढला. फाडणारा आला. प्रत्येक वेळी तो तिच्यापेक्षा थोडा नेटका होता. जिथे तिचं बोट अर्ध्या केसाने घसरायचं, तिथे ते घसरत नव्हतं. तिच्या प्रत्येक सुराआधी पिकचा, म्हणजे तार छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीचा, एक टिक आवाज व्हायचा. कोपऱ्यातही टिक होतं, तिच्यासारखंच, फक्त जास्त सफाईदार.

ती वेग वाढवत गेली. तेही वाढवत गेलं. मधलं अंतर कमी होत होत संपलं, दोघांचे सूर एकावर एक बसले, आणि मग एका सुराला तिचा हात तारेवर पडायच्या आत टिक ऐकू आलं. सूर आधी आला. तिने तो नंतर वाजवला.

तेवढ्यात लाईट गेली.

दिवा विझला. अँपची गुणगुण खाली खाली जात थांबली. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये लाईट गेल्यावर क्षणभर आवाज रेंगाळतो हे तिला ठाऊक होतं, आणि तिने ते मनातल्या मनात म्हटलंही. पण आता जे ऐकू येत होतं ते अँपमधून येतच नव्हतं. अँपविना इलेक्ट्रिक गिटार वाजवली की येतो तसा, कोरडा, पातळ, तारांचा नुसता आवाज होता तो. तो समोरून येत होता, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून. तिचा तुकडा शेवटपर्यंत वाजवून त्याने थप्प केलं.

गिटार, अँप, चपला सगळं टाकून अक्षया बाहेर पळाली. उन्हात आल्यावर तिचे दात वाजत होते.

५

"गो बाय, हात कसले बर्फासारखे तुझे?" विमलाने तिचे पंजे आपल्या हातात धरले. "खंय गेललंस?"

"फॅक्टरीत."

"थंय आता बर्फ खंय आसा?"

अक्षयाने हात सोडवून घेतले. तिला भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी खात होतं. तिच्याजवळ जे जे होतं ते सगळं त्या कोपऱ्यातल्याने घेतलं होतं, आणि तिच्याहून चांगलं वाजवून दाखवलं होतं. मग उत्सवात ती काय वाजवणार? नांदगावचे आजोबा परत आले तर त्यांना काय सांगणार?

दुसऱ्या सकाळी तिठ्यावर गर्दी होती. विमलासमोर शेवंती बसायची. तिने अलीकडे विमलाची हाळी उचलली होती, शब्द आणि हेल दोन्ही.

"इली गो इली, ताजी फडफडीत इली!" विमला ओरडली.

"इली गो इली, ताजी फडफडीत इली!" समोरून आलं.

गिऱ्हाइकं दोघींकडे बघून हसली. अक्षयाला राग आला. विमला मात्र पदराने वारा घेत होती. तिने परत सुरुवात केली, "इली गो इली, ताजी..." आणि मध्येच थांबून निवांतपणे आपला आंबाडा सोडून परत बांधायला घेतला.

"इली गो इली, ताजी..." शेवंती म्हणाली, आणि तिथेच अडकली. तोंड उघडं ठेवून ती विमलाकडे बघत राहिली. अख्खा तिठा हसला.

आंबाडा बांधून झाल्यावर विमलाने पोटातून साद घातली, "सरंगो, गो बायांनो, सरंगो!" आणि बाया तिच्याकडे वळल्या.

"तिका माझो आवाज गावता," लेकीच्या हातात सुरी देत ती म्हणाली. "मी फुडे काय म्हणतलंय तां गावणा नाय. माकाच ठावक नसता, तिका खंयसून गावतला?"

अक्षया सरंग्याचे खवले काढत राहिली. अंगठ्याची कातडी त्या कामाने जाड आणि खरखरीत झाली होती. दुपारी आई आडवी झाली, तशी ती उठली.

६

या वेळी तिने दार सताड उघडून त्याला दुसरा एक क्रेट लावला. बाहेरच्या उन्हाचा एक पट्टा जमिनीवरून अँपपर्यंत आला. पट्ट्यापलीकडे कोपरा होता. गिटार ती टाकून गेली होती तशी जमिनीवर नव्हती. ती अँपला टेकवून नीट उभी ठेवलेली होती.

अक्षयाने ती उचलली. तारा बर्फासारख्या गार होत्या, आणि सुरात होत्या.

"बरा," ती मोठ्याने म्हणाली.

तिने वाजवायला सुरुवात केली आणि कोपऱ्यातून जोड आली. ती आता लपतही नव्हती. अक्षयाने एक पेडल वायरीतून सोडवलं. त्याविना वाजवलेला सूरही तसाच परत आला. दुसरं सोडवलं, तिसरं सोडवलं. एकही पेडल उरलं नाही तसा तिने पायाने पाट लोटून दिला आणि वायर सरळ अँपला लावली. गारठा वाढत होता. वाफेने तिला स्वतःचे हात दिसेनात. बोटं बधिर झाली, आणि एका झटक्यात पिक चिमटीतून निसटून फरशीवर टपकन पडलं.

ती वाकून चाचपायला लागली. पायाशी, क्रेटखाली, वायरीखाली. पिक नव्हतं. आवाज तर अगदी पावलाजवळ झाला होता.

मग तिने शोधणं सोडलं. ताठ बसली आणि उजव्या हाताचा अंगठा, खवले काढून काढून जाड झालेला, मधल्या तारेवर आडवा घासला.

सूर आला तो तिने आजवर ऐकलेला नव्हता. भरदार होता, आणि थोडा घोगरा. तार वाजायच्या आधी कातडीची एक खरखर यायची, एखादी बाई हाक मारण्याआधी घसा साफ करते तशी. अक्षयाने अँपचा आवाज वाढवला. व्हॉल्व्ह तापले आणि सुराच्या कडा किंचित फाटायला लागल्या. तिने गिटारवरचं बटण उतरवलं, मऊ झाला. चढवलं, भडकला. अंगठा हलका टेकवला तर तो कुजबुजायचा आणि जोराने ओढला तर खाडीपलीकडे ऐकू जाईल असा गरजायचा. याला पेडल लागत नव्हतं. जे काही होतं ते बोट आणि तार यांच्या मध्ये होतं.

कोपऱ्यातून उत्तर आलं. टिक. मग सूर. पातळ, नेटका, आणि साफ चुकीचा.

अक्षयाचा हात थांबला. टिक, परत सूर. परत चुकीचा. ते घाईने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं. आणि पिक तिच्या हातात नव्हतं, खोलीत दुसरं पिक नव्हतं, तरी कोपऱ्यात टिक होत होतं.

तिला हसू आलं. भीती होती तिथेच होती. पण त्या भीतीच्याही वरून हसू आलं आणि ती वाजवायला लागली. कुणाचंच नसलेलं, तिलाही आधी माहीत नसलेलं काहीतरी. चढत गेली, चढत गेली, आणि एका सुराच्या उंबऱ्यावर, जिथे आता पुढचा यायलाच हवा अशा जागी, थांबली.

कोपऱ्यातलंही थांबलं.

तिने श्वास धरून ठेवला होता. ओठ घट्ट मिटलेले होते, म्हणून तिच्या तोंडातून वाफ येत नव्हती. तरीही उन्हाच्या पट्ट्यात, अँपच्या पलीकडे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर एक पांढरी वाफ आली. ती थोडी पसरली, विरली. मग दुसरी आली. आणि तिसरी येता येता अर्ध्यावर राहिली. जे कोण होतं त्याने श्वास आत ओढला होता, आणि आता सोडत नव्हतं. वाट बघत होतं.

अक्षयाने त्याला वाट बघायला लावली. हवी तेवढी. मग अंगठा ओढून तो सूर दिला.

वाफेचा एक मोठा लोट उन्हात आला, पोट भरून सोडलेल्या सुस्काऱ्यासारखा, आणि खोलीतला गारठा उतरायला लागला. छताचा पत्रा कडकड वाजला. दारातून बाहेरची गरम हवा आत शिरली, तिच्याबरोबर समुद्राचा आवाज शिरला. अक्षयाने शांतपणे वायर गुंडाळली, अँप एकटीने उचलून स्कूटरवर बांधला. दार ओढून कुलूप घालताना ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "पिक ऱ्हवांदे तुका. माका नको."

७

उत्सवाच्या संध्याकाळी किनाऱ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावरही माणसं बसलेली. गायिका साडी बदलायला गेली आणि मंगेशदादाने माईकवर सांगितलं, "तोपर्यंत आमची अक्षया काहीतरी वाजवतली." लोक उठून वड्यांच्या गाडीकडे वळायला लागले.

लवू स्टेजजवळ आला. "पिक खंय तुझा?"

"नाय."

"पेडलां?"

"नाय हाडलंय."

"मेले, वाजवतलंस कसा?" लवू कपाळाला हात लावून आपल्या जागेवर गेला.

तिने अंगठा ओढला.

वड्यांच्या गाडीकडे निघालेली माणसं वाटेत थांबली. अक्षयाला पुढचं सलग आठवत नाही. सूर्य पाण्याला टेकला होता, स्पीकरमधून तो घोगरा, भरलेला आवाज वाळूवरून लाटांपर्यंत जात होता, आणि होड्यांवरची पोरं बोलायची थांबली होती, एवढं तिला आठवतं. तिने त्यांनाही एका सुराच्या उंबऱ्यावर उभं केलं. हजार माणसांनी श्वास धरला तो तिला स्टेजवर ऐकू आला. मग तिने त्यांना तो सूर दिला, आणि किनारा उसळला. मागून, मासेवाल्या बायांच्या घोळक्यातून, सगळ्या आवाजांवर चढून विमला ओरडली, "ह्या माझा चेडू! माझा!"

गायिका साडी बदलून येऊन विंगेत थांबली होती. मंगेशदादाने तिला हाताने थोपवलं. "वाजय गो," तो म्हणाला. "वाजय अजून."

कार्यक्रमानंतर संजना वाळू तुडवत आली. पणजीच्या बाईने आधी अँपच्या मागे वाकून पाहिलं, मग गिटारकडे, मग अक्षयाच्या मोकळ्या हातांकडे. "खूप ऐकलंय मी," ती म्हणाली, "पण हे कळलं नाही. हा टोन कुणाचा?"

"माझो," अक्षया म्हणाली. मग हसून म्हणाली, "माझा."

जूनपासून तालमीला पणजीला यायचं, हे तिथेच वाळूवर ठरलं.

८

निघायच्या आदल्या दिवशी ती फॅक्टरीत गेली. मामाला किल्ली परत करायची होती आणि वीजजोडणी बंद झाली का ते बघायचं होतं. वायरमन सकाळीच येऊन गेला होता. मीटरच्या जागी भिंतीवर नुसता चौकोन राहिला होता. बाहेर लखलखीत दुपार होती. खाडीवर कुणीतरी जाळं झटकत होतं.

आतल्या खोलीच्या दारापाशी ती थांबली. दार बंद होतं, कुलूप तिने स्वतः घातलेलं तसंच होतं. तिने हात टेकवला तर लोखंड गार लागलं.

आत कुणीतरी वाजवत होतं. जाड दारातून आवाज अगदी पुसट येत होता, कोरडा, नुसत्या तारांचा. टिक ऐकू येत नव्हतं. त्या दुपारी इथे सापडलेला, मग उत्सवात वाजवलेला तुकडा होता. एक खरखर, मग सूर, आणि सूर मध्येच बसायचा. परत पहिल्यापासून. परत बसायचा. नवशिका माणूस बसतो तसं ते चिकाटीने बसलं होतं. किती दिवस, ते तिला कळायला मार्ग नव्हता.

अक्षया निघून जाऊ शकत होती. पण कान लावून ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता भीतीच्या जोडीला तिला एक चूक दिसायला लागली. अगदी साधी चूक. तिने दारावर बोटाने टकटक केलं. आतला आवाज थांबला.

सांगायला तोंड उघडलं तर ते अडलं. रे म्हणायचं की गो, हेच तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने दोन्ही गाळलं.

"अंगठो आडवो धर," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली. "आणि घाय करू नको."

आत बराच वेळ काही झालं नाही. मग खरखर आली, आणि तिच्या मागोमाग सूर आला, मघापेक्षा जरा बरा.